मेलेल्यांची पंगत

नेड्रा बॅगली पाच वर्षांची होती तेव्हा तिचे वडील तिच्या डोळ्यांदेखत मेले.

कोरल वॉश गावाबाहेर, तांबड्या कड्यांच्या पायथ्याशी भर दुपारी धुरळ्याचा लोट उठला होता. घोडे उधळले, बंदुका धडाडल्या आणि गळ्यात पिवळा रुमाल बांधलेले तिचे डॅड घोड्यावरून असे काही कोसळले, की मातीत दोन कोलांट्या खाऊन पालथे पडले ते पडलेच. नेड्राने हंबरडा फोडला. तिची आई एल्वा कापडी मांडवाखाली सिनेमावाल्यांच्या जेवणाची टेबलं मांडत होती. तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

"थांब गं जरा," ती म्हणाली, "आत्ता उठतील."

तेवढ्यात कर्ण्यातून कुणीतरी "कट!" म्हणून ओरडलं आणि मैदानभर पडलेली मेलेली माणसं उठायला लागली. कुणी पँट झटकली, कुणी हॅट शोधत फिरलं, कुणी शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला. मग सगळे मेलेले आणि त्यांना मारणारे मिळून मांडवाकडे निघाले. डॅडच्या छातीवर लाल रंगाचा हा एवढा डाग होता. ते आईजवळ आले नि म्हणाले, "पीचचं काही गोड केलंयस का आज?"

मरण म्हणजे हे असंच असतं, असं नेड्राला पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं. माणूस पडतो, कुणीतरी हाक मारतं, माणूस उठून जेवायला येतो.

त्या काळी अमेरिकेतल्या युटा राज्याच्या या दक्षिण टोकाला दर उन्हाळ्यात सिनेमावाले यायचे. नायक-नायिका त्यांच्या त्यांच्याबरोबर आणत. मरायला मात्र गावातली माणसं लागत. शेतकरी, न्हावी, शाळामास्तर, चर्चमध्ये रविवारी प्रवचन देणारे, सगळे मरत. पण घोड्यावरून पडण्यात वर्ल बॅगलींचा हात धरणारा कुणी नव्हता. मग एका उन्हाळ्यात सिनेमावाले आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यातही नाही. त्यांनी उभं केलेलं लाकडी गाव वाऱ्याने फळी-फळी करत पाडून टाकलं.

नेड्रा मोठी होऊन चित्रकार झाली. रेनोच्या एका शाळेत चित्रकला शिकवता शिकवता तिने काउबॉयची चित्रं काढली, कारण गॅलऱ्यांना तीच हवी असत. एकटा स्वार, मागे सूर्यास्त, घोड्याची मान खाली. ती खपतही होती. एके दिवशी असाच एक सूर्यास्त रंगवताना तिच्या मनात आलं, की असा एकटा स्वार आपण जन्मात कधी पाहिलेला नाही. आपण पाहिले ते घोळक्याने मरणारे आणि घोळक्याने जेवणारे. तिने तो कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून ती 'कट'नंतरचं चित्र काढायला लागली. जांभळे कडे, निळे घोडे, आणि लांबच लांब टेबलावर रस्सा ओरपणारे मेलेले लोक. त्यांच्या शर्टांना गोळ्यांची भोकं, आणि त्या भोकांतून पलीकडचं आभाळ दिसतंय. एका गॅलरीवाल्याने कपाळाला हात लावला. "बाई, हे सोफ्याच्या वर कोण टांगेल?" पण टांगणारे निघाले. थोडे निघाले, तरी निघाले.

आई गेली तेव्हा नेड्राला कळलं, की 'कट'च्या हाकेने सगळेच उठत नाहीत. त्यानंतर डॅडना एकटं ठेवायला नको म्हणून ती कोरल वॉशला परत आली आणि घराच्या गॅरेजमध्ये तिने आपलं बस्तान मांडलं. डॅड आता शहाऐंशीचे होते. दोन्ही गुडघे, एक खांदा आणि कमरेचा कुठलातरी मणका असा सगळा सिनेमाचा हिशोब त्यांच्या अंगावर होता. ती चित्र काढत बसे, ते दाराशी खुर्चीत बसून चुका काढत बसत.

गावात दर ऑगस्टमध्ये जुन्या सिनेमांचा मेळा भरे. त्या वर्षी मेळ्याच्या मंडळींनी ठरवलं, की गावच्या सभागृहातल्या लांब भिंतीवर नेड्राचं एक चित्र लावायचं. मंडळाच्या प्रमुख होत्या अरवेला स्प्रॅग. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या, आणि चर्चच्या स्वयंपाकघरापासून स्मशानाच्या कुंपणापर्यंत सगळ्या गोष्टींवर नजर असलेल्या. गावात सगळे एकमेकांना चर्चच्या रिवाजाने ब्रदर-सिस्टर म्हणत. पण सिस्टर स्प्रॅग म्हटलं की माणूस आपोआप शर्ट नीट खोचायचा.

मे महिन्यात त्या दोन सभासदांना घेऊन गॅरेजमध्ये आल्या. चित्र अर्धंअधिक झालं होतं. गॅरेजच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चित्रातलं टेबल पसरलं होतं. सिस्टर स्प्रॅग बराच वेळ बघत राहिल्या.

"हा घोडा निळा आहे."

"हो, सिस्टर स्प्रॅग."

"घोडे निळे नसतात."

"दुपार कलली की त्या कड्याच्या सावलीत असतात," नेड्रा म्हणाली.

"तो बस्टर आहे," डॅड दारातून म्हणाले. "बस्टरला मुळात रंगच नव्हता. नुसती धूळ होती त्याच्यावर."

"आणि लढाई कुठंय?" सिस्टर स्प्रॅगनी विचारलं.

"संपली. जेवणाची सुट्टी झालीय."

"नेड्रा, मेळ्याला लोक कुठून कुठून येतात. त्यांना लढाई बघायची असते. जेवायला ते हॉटेलात जातात."

दोन्ही सभासद हसले, मग सिस्टर स्प्रॅगच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "विचार कर. निदान एक तरी बंदूक दिसू दे."

त्या गेल्यावर डॅड काठी टेकत चित्राजवळ आले. टेबलाच्या एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला नवाहो जमातीचे स्वार, मध्ये रश्श्याची पातेली. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

"हे असं नव्हतं, पोरी. नवाहो मंडळी त्या तिकडे जुनिपरच्या झाडाखाली बसायची, ताटल्या हातात घेऊन. त्यांना टेबल नसायचं."

"माहितीये, डॅड."

"मग?"

"मग काही नाही. मला असं बघायचं होतं."

 डॅडनी काठीच्या टोकाने फरशीवरचा सुकलेला रंग खरवडला. "मग त्यांच्यातल्या क्लीला माझ्या शेजारी बसव," ते म्हणाले. "त्याने मला इतक्यांदा मारलंय, निदान मीठ तरी पुढे करेल."

नेड्राने क्लीला त्यांच्या शेजारी बसवलं.

सभासदांनी गावात जाऊन काय सांगितलं कोण जाणे. पण आठवड्याभरात गॅरेजच्या दाराशी माणसं यायला लागली. कुणाच्या हातात फोटो, कुणाच्या हातात जरदाळूच्या मुरंब्याची बरणी. आमच्या आजोबांना घे. आमच्या काकांना घे, ते फार छान मरायचे. रूलन न्हाव्याचा पुतण्या आला तो थेट भांडायच्याच तयारीत.

"रूलनकाकांना एकदाच काढलंयस?"

"मग किती वेळा काढू?"

"ते एकाच सिनेमात दोनदा मेले होते. सकाळी शिपाई म्हणून, दुपारी दरोडेखोर म्हणून. हवं तर तुझ्या डॅडना विचार."

"खरंय," डॅड म्हणाले. "आणि दोन्ही वेळा जेवला होता."

नेड्राने रूलनला दोन ठिकाणी बसवलं आणि दोघांना एकाच बिस्किटाकडे हात करायला लावलं. लोक बघून पोट धरधरून हसले. मेलेल्या माणसांबद्दल गाव इतकं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. कोण पडताना शिंकायचा, कोण मेल्यावरही कॅमेऱ्याकडे तोंड करून पडायचा, कुणाची बायको नवऱ्याला गोळी लागली की दर वेळी डोळे मिटून घ्यायची, हे सगळं त्या गॅरेजमध्ये निघालं. तिचे हात कोपरापर्यंत रंगाने माखत आणि तिला वाटे, आई आत्ता मांडवातून ओरडेल, हात धुऊन घे म्हणून.

जूनच्या एका सकाळी सिस्टर स्प्रॅग पुन्हा आल्या. या वेळी एकट्या. हातात पंच्यात गुंडाळलेला, अजून गरम असलेला पाव होता. डॅड आत दाढी करत होते. सिस्टर स्प्रॅग रंगाच्या डब्यांमधून वाट काढत आल्या, एका उपड्या खोक्यावर बसल्या. त्यांना असं खाली बसलेलं नेड्राने कधी पाहिलं नव्हतं.

"सगळ्यांना घेतलंस," त्या म्हणाल्या.

"जे जे आठवले त्यांना."

"लमाँट नाही आठवला?"

नेड्राच्या हातातला ब्रश थांबला. लमाँट म्हणजे सिस्टर स्प्रॅगचा धाकटा भाऊ. सतराव्या वर्षी डॅडनी त्याला घोड्यावरून पडायला शिकवलं होतं. दोन उन्हाळे तो त्यांच्याबरोबर मेला. मग फौजेत गेला आणि व्हिएतनाममध्ये खरोखरच मेला. नेड्राला तो आठवत होता, पण त्याला चित्रात घ्यायचं तिने मुद्दाम टाळलं होतं. बाकीचे सगळे म्हातारे होऊन बिछान्यात गेले. त्यांना उठताना दाखवणं ही गंमत होती. लमाँटला उठताना दाखवणं हे तिला खोटं वाटलं होतं, आणि त्याहून जास्त, क्रूर वाटलं होतं.

"सिस्टर, मला वाटलं... तो तर खरोखर—"

"खरोखर गेला ते मला ठाऊक आहे. तार दारात मी घेतली होती." त्या पंच्याची गाठ सोडू लागल्या, मग पुन्हा बांधू लागल्या. "त्यानंतर आईने घरात त्याचं नाव काढू दिलं नाही. तिला सोसायचं नाही. नंतर आई गेली, पण नाव न काढायची सवय राहिली ती राहिलीच. मागच्या वेळी तुझ्या चित्रात तो रूलन बघितला, मरून जेवायला बसलेला. रूलनला जर उठता येतं..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"त्याचा एखादा फोटो आहे?"

त्यांनी पर्समधून एक फोटो काढला. गणवेशातला ताठ मुलगा, जबडा आवळलेला.

"एवढा एकच. पण हा नको काढूस. हा आमचा लमाँट नाही. याला मी ओळखतसुद्धा नाही."

पुढचे कित्येक दिवस नेड्रा लमाँटशी झगडत राहिली. टेबलाच्या डाव्या टोकाला तिने त्याच्यासाठी जागा केली, पण काही केल्या तो माणूस तिथे बसेना. चेहरा काढायला गेलं की फोटोतला शिपाई यायचा. तो पुसून आठवणीने काढायला गेलं की कुणीतरी भलताच यायचा, कुठल्याही गावातला, कुठलाही देखणा मुलगा. तिला आठवत होतं ते एवढंच, की एकदा त्याने तिला खांद्यावर बसवून ओढा पार करून दिला होता, आणि त्याच्या केसांना खोगिराच्या तेलाचा वास होता. वास कसा काढायचा? टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून पुसून कॅनव्हासचा तो कोपरा राखाडी झाला.

सिस्टर स्प्रॅग एक दिवसाआड येत, बघत आणि काही न बोलता जात. आता नेड्राला त्यांच्या टोमण्यांची आठवण येऊ लागली.

"नाही जमत, सिस्टर," एके दिवशी ती म्हणाली. "त्याचा चेहराच सापडत नाही मला."

"चेहरा काय करायचाय?" दारातून डॅड म्हणाले. "मातीत पालथा पडलेल्या माणसाचा चेहरा कोण बघतो? मी त्याच्या शेजारी दोन उन्हाळे मेलोय. तो कसा उठायचा ते मला विचार ना."

"कसा उठायचा?"

"सांगून कळत नाही ते. बाजूला व्हा दोघी."

"डॅड, नाही हं. डॉक्टरांनी—"

"डॉक्टर घोड्यावरून पडलाय का कधी?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खुर्चीचा हात धरला, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि चांगले ऐसपैस गॅरेजच्या फरशीवर पालथे झाले. एक हात पोटाखाली, एक पाय वाकडा.  क्षणभर नेड्रा पुन्हा पाच वर्षांची झाली होती आणि आई मांडवात नव्हती.

"हं," डॅड फरशीशीच बोलले. "आता कट म्हणतात. रूलन कसा, गाभण गाईसारखा मागून वर यायचा. मी आधी हाडं मोजायचो. बाकीचे आपापली हॅट शोधायचे. लमाँट आधी एक डोळा उघडायचा, असा. शेजारी कोण पडलंय बघायचा. आणि स्वतः नीट उठायच्या आधीच, एका गुडघ्यावर असतानाच, शेजारच्याला हात द्यायचा. 'चला, ब्रदर बॅगली, उठा, रस्सा संपेल.' दर वेळी. अगदी दर वेळी. मला काही त्याच्या हाताची गरज नव्हती, पस्तिशीचा होतो मी. पण मी तो धरायचो."



"झालं एवढंच," डॅड म्हणाले. मग जरा वेळाने, "आता उठवा मला. उठता येत नाहीये."

नेड्रा एका बाजूने वाकली, सिस्टर स्प्रॅग दुसऱ्या बाजूने. दोघींनी मिळून ओढलं, डॅड थोडे वर आले आणि परत खाली बसले.

"असं नाही, अरवेला! उजव्या हाताने काय ओढतेस? तो डाव्या हाताने ओढायचा."

"डावखुराच होता तो!" सिस्टर स्प्रॅग एकदम म्हणाल्या. "शाळेत छड्या मारमारून उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. पण घरी यायचा आणि सगळं डाव्याने..." त्यांनी डॅडचा दंड डाव्या हाताने घट्ट धरला. "मी विसरलेच होते. कशी विसरले मी?"

तिसऱ्या खेपेला डॅड उभे राहिले. त्यांच्या शर्टभर गॅरेजची धूळ लागली होती आणि तोंडभर समाधान होतं. सिस्टर स्प्रॅग मात्र त्यांचा दंड सोडायलाच तयार नव्हत्या.

त्या आठवड्यात नेड्राने लमाँट काढला. टेबलापासून थोडा अलीकडे, मोकळ्या मैदानात, आपल्याकडे पाठ असलेला. एक गुडघा अजून मातीत, शर्ट पाठीमागून बाहेर आलेला, आणि डावा हात पुढे. त्या हाताने तो जमिनीवरच्या माणसाला ओढतोय, आणि तो माणूस म्हणजे पिवळ्या रुमालातले डॅड. त्यासाठी डॅडना टेबलावरून उठवावं लागलं.

"आता क्लीच्या शेजारची जागा रिकामी पडली," ती म्हणाली. "तिथे कुणाला बसवू?"

"राहू दे रिकामी," डॅड म्हणाले. "येतोच आहे मी."

नेड्राने त्या रिकाम्या जागेवर हळूच एक ताटली मांडली आणि हात धुण्याच्या निमित्ताने आत निघून गेली.

ऑगस्टमध्ये चित्र सभागृहाच्या भिंतीवर चढलं. मंडळातल्या एकाने बंदुकीचा विषय काढला होता, तर सिस्टर स्प्रॅगनी त्याला एका नजरेत गप्प केलं, असं नेड्राच्या नंतर कानावर आलं. मेळ्याच्या दिवशी गावातली माणसं आपापल्या आजोबा-काकांसमोर उभी राहून फोटो काढत होती. लांबून आलेले पाहुणे जरा गोंधळलेले होते, पण कुणीतरी त्यांना धरून सगळं सांगेच.

सिस्टर स्प्रॅग मात्र गर्दी पांगेपर्यंत जवळ आल्या नाहीत. मग आल्या आणि डाव्या टोकाशी उभ्या राहिल्या. नेड्रा त्यांच्या मागे, हाताची घडी घालून.

"शर्ट बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आई दिवसातून तीनदा खोचायला लावायची. कध्धी राहायचा नाही आत." मग हात पुढे करून त्यांनी, रंगाला न लागता, हवेतच तो शर्ट खोचल्यासारखं केलं. "घाईत आहे बघ. जेवायची घाई."

 नेड्राने खुर्ची आणली. त्या बसल्या आणि रडल्या, पण आवाज न करता, चर्चमध्ये बसावं तशा ताठ बसून. नेड्रा शेजारी बसून राहिली. सभागृहाचा रखवालदार दिवे मालवायला आला होता, तो आल्या पावली परत गेला.

मेळा संपला, पाहुणे गेले, पण सिस्टर स्प्रॅगचं येणं थांबलं नाही. दर मंगळवारी सकाळी पाव घेऊन त्या येत. आता मात्र गॅरेजमध्ये नाही, ओसरीवर डॅडपाशी बसत. नेड्रा नवीन कॅनव्हास ताणत असे, आणि मधल्या उघड्या खिडकीतून दोघांचं बोलणं आत येई. बहुतेक लमाँटचंच. अठ्ठेचाळीस वर्षांचं साठलेलं बोलणं होतं ते, लवकर संपणारं नव्हतं.

"आणि ती टर्कीची भानगड तुला माहितीच असेल," एका मंगळवारी डॅड म्हणाले.

"कसली टर्की?"

"त्या सिनेमावाल्यांना गिधाड हवं होतं. कुंपणावर बसलेलं. गिधाड काही मिळेना. तर लमाँट म्हणाला, मी आणतो. दुसऱ्या दिवशी गोणत्यात घालून एक टर्की घेऊन आला. बुटाच्या पॉलिशने काळी केलेली. कुंपणावर बसवली. लांबून हुबेहूब गिधाड, देवाशपथ. कॅमेरा सुरू झाला, नायक मरायला टेकला, सगळीकडे शांतता, आणि गिधाड म्हणालं—" डॅडनी गळा फुगवून टर्कीचा असा काही आवाज काढला की अंगणातले पक्षी उडाले.



"ती टर्की," सिस्टर स्प्रॅग सावकाश म्हणाल्या, "आमची होती?"

"मग काय माझी?"

"ब्रदर बॅगली! आम्हाला वाटलं कोल्ह्याने नेली! मी त्या कोल्ह्यासाठी सापळा लावून आठवडाभर कोठारात झोपत होते! आणि तो... तो रोज सकाळी मला विचारायचा, सापडला का गं कोल्हा?"

आणि मग नेड्राने एक असा आवाज ऐकला जो तिने इतक्या वर्षांत या गावात कधी ऐकला नव्हता. तिने ब्रश खाली ठेवला आणि खिडकीतून डोकावून पाहिलं. सिस्टर स्प्रॅग ओसरीचा खांब धरून हसत होत्या. चष्मा मांडीवर पडला होता, केसांतली एक पिन सुटून लोंबत होती, आणि श्वास घ्यायलाही त्यांना फुरसत मिळत नव्हती.

"मग पुढे काय झालं तिचं?" त्यांनी कसंबसं विचारलं. "टर्कीचं?"

"थांब, सांगतो," डॅड म्हणाले आणि त्यांनी खुर्ची जवळ ओढली.